तारण झालेल्याची जागा

लाकडाच्या वखारीचा ट्रक मागे येता येता दफनभूमीच्या भिंतीवर आदळला आणि रस्त्याकडचा अख्खा कोपरा खाली बसला. ही बातमी गवंड्याला त्याच्या आत्यानं आणून दिली. ती बाजारातून धापा टाकत आली होती. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली,

"कोपरा गेला रे. तोच कोपरा."

गवंडी अंगणात दगड घडायच्या टाकीला धार लावत बसला होता. हात न थांबवता त्यानं विचारलं, "कुणाला लागलं?"

"मेलेल्यांना काय लागायचंय? ड्रायव्हर धडधाकट आहे. त्याला आता चर्चची कमिटी मारेल." आत्या पायरीवर टेकली. "तुझ्या आईच्या दगडाला खरचटलंसुद्धा नाही. भिंत सगळी आतल्या अंगाला पडलीय. पाळकसाहेबांच्या बायकोच्या उरावर."

तेव्हा मात्र त्याचा हात थांबला.

तोच कोपरा म्हणजे कुठला, हे या दोघांना एकमेकांना सांगावं लागत नव्हतं. त्या कोपऱ्यात भिंतीच्या आत पाळकसाहेबांच्या बायकोची कबर होती. तिच्या शेजारी, अगदी भिंतीच्या काटकोनात, एका माणसापुरती जागा मोकळी सोडलेली होती. बायकोच्या उशाशी उभ्या केलेल्या दगडावर दोन नावं कोरलेली होती. तिच्या नावाखाली जन्म आणि मृत्यू दोन्ही होते. साहेबांच्या नावाखाली नुसता जन्म होता.

आणि भिंतीच्या बाहेर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, रस्ता आणि भिंत यांच्यामधल्या गवतात एक काळा सपाट दगड होता. त्यावर नाव नव्हतं, क्रूस नव्हता. त्याच्याखाली गवंड्याची आई होती.

ती डोंगरापलीकडची. तिकडे तोवर प्रभूचं नाव सांगणारा एकही सुवार्तिक पोचला नव्हता. गवंड्याचा बाप एका पुलाच्या कामाला तिकडे गेला आणि येताना तिला घेऊन आला. लग्न कचेरीत झालं. तिला इथली भाषा मोडकीतोडकी यायची, पोर झाल्यावर जराशी जास्त यायला लागली. बाप चर्चचा सभासद होता, म्हणून पोराचा बाप्तिस्मा झाला. तिचं काय, असं विचारल्यावर साहेब म्हणाले, आधी शिकू दे. नव्या लोकांचा वर्ग वर्षातून एकदाच भरायचा. तो भरायच्या आत ती तापानं गेली.

साहेब तेव्हा तरुण होते आणि नियमाला पक्के होते. त्यांना वाईट वाटलं, यात खोटं नाही. "तिच्या कानावर प्रभूचं नावसुद्धा गेलं नव्हतं," ते म्हणाले. "मी तरी काय करू? नियम माझा नाही." तिला बाहेर पुरलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित गवंड्यानं सोडून दिलं असतं. माणसं याहून मोठ्या गोष्टी सोडून देतात. पण साहेबांना त्या बाईत एक प्रवचन सापडलं.

दूरदेशीच्या कामासाठी दान गोळा करायचा एक रविवार असायचा. त्या दिवशी साहेब दर वर्षी 'दारापर्यंत आलेली बाई' सांगायचे. ती डोंगर उतरून आली, आपल्या गावात राहिली, या देवळाच्या दारावरून पाणी भरायला गेली, आणि तिला कुणीच काही सांगितलं नाही. "ती आत्ता कुठे आहे?" असं विचारून ते गप्प व्हायचे. बाकांवर कुणी खोकायचंही नाही. मग खालच्या आवाजात म्हणायचे, "ती ज्वाळांतून विचारते आहे, मला कुणीच का नाही सांगितलं?" बायका डोळे पुसायच्या. तरुण पोरं पुढे येऊन डोंगरापलीकडे जायला नावं द्यायची. साहेबांचं ते प्रवचन ऐकायला परगावाहून लोक यायचे.

आणि पुढच्या बाकावर, शाळेच्या पोरांत, त्या बाईचा मुलगा बसलेला असायचा. पोरांनी त्याचं नाव 'बाहेऱ्या' ठेवलं. पाणी प्यायला नळावर गेला की कुणीतरी म्हणायचं, "आईला पण ने रे थोडं."

बाप ते प्रवचन दर वर्षी पूर्ण ऐकायचा. गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून. उठून जायचा नाही. घरी आला की न बोलता पावाचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जायचा आणि कोनाड्यात ठेवायचा. घराच्या भिंतीत, रस्त्याच्या बाजूला, त्यानं बायकोसाठी एक कोनाडा केला होता. तिच्या माणसांत तशी रीत होती. जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी तिथं काहीतरी खायला ठेवायचं आणि कोण घेऊन गेलं हे बघायचं नाही. ती गेल्यावर बापानं ते चालवलं. बाप गेल्यावर आत्या चालवत होती, कुरकुरत का होईना. "गावातली मांजरं पोसतेय मी," असं ती म्हणायची.

बाप जाताना एकच मागून गेला होता. साहेब खाटेशेजारी प्रार्थनेला आले, तेव्हा त्यानं त्यांचा हात धरला. "मला बाहेर ठेवा. तिच्याजवळ."

साहेबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "तारण झालेल्या माणसाची जागा आत असते," ते म्हणाले. "मी तुला बाहेर कसा टाकू?"

ते हे प्रेमानं म्हणाले. गवंड्याच्या मनातून ते वाक्य गेलं नाही ते त्यामुळेच. शिवी असती तर विसरता आली असती.

बापाला आत पुरलं, फाटकाजवळच्या रांगेत, तिच्यापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं.

*

कमिटीची बैठक चर्चमागच्या खोलीत भरली. अध्यक्षांचं औषधांचं दुकान होतं. गोळ्या मोजून देता देता माणूस शब्दही मोजून द्यायला लागला होता.

"किती दिवस, किती दगड, किती पैसे," त्यांनी विचारलं.

"जुन्या पायावर बांधली तर परत पडेल," गवंडी म्हणाला. त्यानं टेबलावर खडूनं काटकोन काढला आणि त्याचं टोक एका तिरक्या रेघेनं छाटलं. "कोपऱ्यातली माती भुसभुशीत झालीय. ट्रक तिथनंच वळतात. कोपरा ठेवूच नका. असा तिरका कापा. त्यांना वळायला जागा होईल आणि तुम्हाला दगड कमी लागेल."

दगड कमी, हे शब्द अध्यक्षांच्या कानात बरोबर शिरले.

"पण मिस्त्री, कुणाची कबर बाहेर जाईल असं नको."

"भरलेली एकही कबर बाहेर जात नाही."

हे खरं होतं. खोटं तो फक्त मातीबद्दल बोलला होता. सकाळी त्यानं ढिगाच्या फटीतून कोपऱ्यात पहार मारून बघितली होती, ती ठणकन वाजली होती. बाकी सगळं कमिटीच्या विसराळूपणावर सोडलं होतं, आणि ते बेभरवशाचं नव्हतं. कोपरा दगडांच्या ढिगाखाली होता. मोकळी जागा कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. आणि एकदा दिलेली जागा कुठल्याही कारणानं बदलायची नाही, हा दफनभूमीचा नियम होता. तो साहेबांनीच केला होता.

म्हणजे साहेब गेले की कमिटी खड्डा खणायला माणसं पाठवणार, ती माणसं भिंतीच्या बाहेर जाऊन उभी राहणार. बायको आत, साहेब बाहेर, मध्ये भिंत. गवंड्यानं हे मनात इतक्या वेळा बांधून बघितलं होतं की त्यातला दगडन्‌दगड त्याला पाठ होता.

"करा सुरू," अध्यक्ष म्हणाले.

*

दगडांचा ढीग उपसायला बरेच दिवस गेले. मग त्यानं खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. आत्या दुपारचा डबा घेऊन आली, तेव्हा दोरी लागलेली होती. ती दोरीच्या कडेकडेनं चालत गेली, वाकून बघितलं, परत फिरली.

"ही कुठनं चाललीय?"

"इथनं तिथं."

"ते दिसतंय. डोळे आहेत मला. ही साहेबांच्या जागेवरून..." ती बोलता बोलता थांबली. मग तोंडावर पदर धरून हसली. खळखळून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आणि मग एकदम हसायची थांबली.

"जाणूनबुजून?"

"भिंत आहे आत्या. कुठून तरी जाणारच."

"तुझा बाप बोलताना अडखळायचा, पण भिंत सरळ बांधायचा. तुझं बरोबर उलटं." तिनं डबा दगडावर ठेवला. "अरे, वाकडीच बांधायची तर बाहेरच्या अंगाला वाकव ना. वहिनीला आत घे. दोरी तुझ्या हातात आहे. कमिटीला काय कळतंय!"

"आत? कुणाच्यात? ज्यांनी तिला दर वर्षी जाळली त्यांच्यात?"

"तिथं तुझा बाप पण आहे."

गवंडी दगडापाशी खाली बसला. त्यानं डबा उघडला.

"आणि मी पण असणारे," आत्या म्हणाली. "मला तिच्याशी बोलायचंय. माझी निळी शाल घेऊन गेली ती. तापात थंडी वाजतेय म्हणाली, मी दिली, आणि तीच पांघरून गेली. चांगली लोकरीची होती."

गवंड्याला हसू आलं. पण दोरी त्यानं हलवली नाही.

*

साहेब आले ते दुसऱ्या दिवशी. एकटेच, काठी टेकत. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि देवळात नवा पाळक आला होता, पण गावात पाळकसाहेब म्हटलं की तेच. उंच माणूस वयानं वाकला होता. आवाज मात्र तसाच होता, भरलेला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

ते एका पडलेल्या दगडावर बसले आणि दोरीकडे बघत राहिले. गवंडी काम करत राहिला. त्याला हा क्षण हवाच होता. लवकर आला एवढंच.

"माझी जागा बाहेर जातेय," साहेब म्हणाले.

"जातेय खरी."

"माती खरंच भुसभुशीत आहे?"

गवंड्यानं पहार उचलली आणि त्यांच्या पायाशी जमिनीत मारली. ती ठणकन वाजली. त्यानं साहेबांच्या डोळ्यांत बघितलं. आता आरडाओरडा होईल, कमिटी बोलावली जाईल, तेव्हा काय बोलायचं तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं.

साहेबांनी मान हलवली. "बरं केलंस."

गवंड्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बरं केलंस," ते पुन्हा म्हणाले. "मी तुझ्याकडे हेच मागायला आलो होतो. कसं मागावं ते कळत नव्हतं. तू आधीच करून ठेवलंयस."

मग त्यांनी सांगितलं. घोट घेत घेत सांगावं तसं, थांबत थांबत. डोंगरापलीकडे पाठवलेला एक सुवार्तिक परत आला होता. जाताना पोरगा होता, म्हातारा होऊन आला. तिकडच्या लोकांबद्दल बोलता बोलता त्यानं कोनाड्यांची गोष्ट काढली. प्रत्येक घराला रस्त्याच्या अंगाला एक कोनाडा असतो, त्यात वाटसरूसाठी खायला ठेवतात, कुणी नेलं ते बघत नाहीत.

"तुला माझं ते दुसरं प्रवचन आठवतं?" साहेबांनी विचारलं.

कोणाला आठवत नसेल? 'कोनाड्यातला पाव.' साहेब नव्यानं या गावात रुजू व्हायला आले ते चालत. वाटेत पैसे चोरीला गेलेले, पोटात काही नाही, ऊन डोक्यावर. एका भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, प्रभू, तूच बघ. डोळे उघडले तर शेजारी भिंतीत पाव आणि पाणी. त्यांनी ते खाल्लं आणि ठरवलं, देवानं दूत पाठवला. विश्वास डळमळलेल्या माणसांना साहेब हे प्रवचन सांगायचे. गवंड्यानं तेही लहानपणी ऐकलं होतं. कुठलं घर ते साहेब कधी सांगत नसत, कारण त्यांनाच धड आठवत नव्हतं. नवखं गाव, उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी.

"सुवार्तिकानं सांगितलं, आणि मी त्याच पावली तुझ्या घरावरून चालत गेलो," साहेब म्हणाले. "कोनाडा अजून आहे. पाव पण होता आत."

"आत्या ठेवते."

"मी त्याच भिंतीला टेकलो होतो. तुझ्या आईनं मला खाऊ घातलं. मी कोण, कुठला, तिनं विचारलं नाही." साहेबांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "आणि मी एकाच बाईची दोन प्रवचनं केली. एकात ती देवदूत. दुसऱ्यात ज्वाळांत. आयुष्यभर दोन्ही सांगत राहिलो, आणि दोन्ही एकच हे मला माहीत नव्हतं."

वखारीत करवत सुरू झाली आणि थांबली. गवंडी उभाच होता. पहार अजून हातात होती.

"मला तिच्याजवळ राहू दे," साहेब म्हणाले. "मी कमिटीला सांगितलं तर ते ऐकणार नाहीत. म्हणतील, साहेब म्हातारपणात बिथरले. पाळकाला कुणी भिंतीबाहेर पुरतं का? पण जागा ठरलेली आहे, जागा बदलत नाही. भिंतच तशी गेली तर कुणाला काही करता येणार नाही. तू ही दोरी इथंच ठेव. तुझ्या मनात काय होतं ते मला कळतंय. तेच कर. मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही."

"मग काय मागताय?"

"सोबत." साहेबांनी बाहेरच्या काळ्या दगडाकडे बघितलं. "न्यायाच्या त्या दिवशी मला विचारलं जाईल. तेव्हा माझ्या बाजूनं बोलणारं दुसरं कोण आहे? एवढंच तिनं सांगावं, की हा माझ्या हातचं खाऊन गेला होता." ते थोडे ताठ बसले. "आम्ही समजायचो, ज्यांनी ऐकलं नाही ते हरवले. पण झडती ऐकलेल्यांची व्हायची आहे. तिला न सांगता कळलं होतं. मला सांगूनही कळलं नाही."

शेवटची दोन वाक्यं चांगली होती. चढउतार बरोबर होते, मधली थांबायची जागा बरोबर होती. आणि ते गवंड्याच्या कानानं ताबडतोब पकडलं. पुढच्या बाकावर वर्षानुवर्षं बसलेला कान होता तो.

"हे वाक्य कधी तयार केलंत?" त्यानं विचारलं.

साहेब काठीचं टोक मातीत फिरवायला लागले.

"येत्या रविवारी तुमचं प्रवचन आहे ना? निरोपाचं."

"हो."

"त्यात हे सांगणार आहात."

"लोकांना कळायला हवं," साहेब हळूच म्हणाले. "मी त्यांना इतकी वर्षं चुकीचं सांगितलं. तेवढं तरी..."

"तिसरं," गवंडी म्हणाला.

"काय?"

"तिसरं प्रवचन. तिच्या पावाचं एक झालं, मरणाचं एक झालं. आता हे तिसरं. आणि वर तिनं तिकडे तुमची साक्ष काढायची. जिवंतपणी तिला एक अक्षर शिकवायला तुम्हाला वेळ झाला नाही, आणि मेल्यावर तिला एक दिवस सुट्टी नाही."

गवंडी खुंटीपाशी गेला. वाकून त्यानं दोरीची गाठ सोडली. दोरी सैल होऊन गवतात पडली.

"अरे, काय करतोयस?"

गवंडी सावकाश दोरी हातावर गुंडाळत जुन्या पायाकडे गेला. काटकोनाच्या टोकाला त्यानं खुंटी ठोकली. दोरी ताणली. साहेबांची मोकळी जागा आता पुरती आत होती, बायकोच्या शेजारी, जशी आधी होती तशी.

"माझ्या बापानं तुमच्याकडे हेच मागितलं होतं," तो म्हणाला. "खाटेवर. तुमचा हात धरून. तुम्ही काय म्हणालात ते आठवतं?"

साहेबांना आठवत होतं. ते त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि ते दिसेपर्यंत गवंडी थांबला.

"तुमचं तारण झालंय ना, साहेब? सगळ्या गावाला माहितेय. तारण झालेल्या माणसाची जागा आत असते. मी तुम्हाला बाहेर कसा टाकू?"

आवाज त्यानं चढवला नाही. शक्य तितक्या प्रेमानं म्हणाला. तसंच म्हणायला हवं होतं.

*

अध्यक्षांना त्यानं दुकानात जाऊन सांगितलं. माती खोलवर घट्ट निघाली, भिंत जुन्याच पायावर जाईल, ठरल्याच पैशांत.

"पण दगड?"

"पडलेलेच वापरतो. नवे घ्यावे लागणार नाहीत."

"मग उत्तम," अध्यक्ष म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

आत्याला मात्र असं उरकता आलं नाही. तिनं सगळं विचारून घेतलं, कोण काय म्हणालं, कोण कुठे बसलं होतं. तिला सगळं लागायचं. ऐकून झाल्यावर बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"हुबेहूब त्यांचा आवाज काढलास म्हणायचं."

"शब्द त्यांचेच होते. त्यांचे त्यांना परत केले."

"आणि वहिनी? तिला आत घेता आलं असतं. साहेबांनी तेही मान्य केलं असतं, तू म्हणाला असतास तर."

"साहेबांनी मान्य केल्यावर आत जायची पाळी तिच्यावर कशाला?"

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. मग उठून पावाचा तुकडा घेतला आणि कोनाड्याकडे गेली. जाताना म्हणाली, "तुझं बोलणं आता फारच सरळ झालंय. भीती वाटते."

रविवारी साहेब व्यासपीठावर गेले नाहीत. तब्येत बरी नाही, असा निरोप आला. पण सोमवारी दुपारी ते दफनभूमीत आले. बायकोच्या कबरेपाशी एक लाकडी बाक होता, त्यावर बसले. आणि मग रोज यायला लागले.

भिंत थराथरानं चढत होती. गवंडी बाहेरच्या अंगाला उभा राहून बांधत होता. त्याच्या पायाशी काळा दगड होता, समोर भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे साहेब. पहिले काही दिवस साहेबांना बाकावरून तो दगड सगळा दिसत असणार. मग अर्धा. मग दगड गेला आणि नुसतं गवत राहिलं. मग गवतही गेलं. तेव्हा साहेब काठीवर जोर देऊन उभे राहायला लागले.

त्यानं कधी इतकी चांगली भिंत बांधली नव्हती. प्रत्येक दगड फिरवून फिरवून बघायचा, टाकीनं कड मारायचा, भिंत सरळ चढतेय ना ते बघायला ओळंबा सोडायचा. फट म्हणून राहू द्यायचा नाही. जिथं बोटाचं नख जाईल तिथं दगडाची चीप ठोकायचा आणि वरून सिमेंटचा माल भरायचा.

"एक दगड सोड," साहेब एकदा म्हणाले. नुसती पांढरी भुवई आणि कपाळ वर दिसत होतं. "डोळ्याच्या उंचीला. बघण्यापुरता."

गवंड्यानं डोळ्याच्या उंचीला लागणारा दगड निवडून ठेवलाच होता. रुंद, जड, दोन्ही बाजूंनी सपाट. तो उचलून त्यानं जागेवर ठेवला आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकून बसवला. कपाळ दिसेनासं झालं.

शेवटच्या दिवशी वरचे गोलसर दगड बसवायचे होते. वखारीला सुट्टी होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. इतकी शांतता होती की पलीकडे साहेब बाकावरून उठले तेही ऐकू आलं. काठी दगडावर टेकत टेकत भिंतीपाशी आली आणि थांबली.

"आहेस ना रे तिकडे?"

गवंडी माल कालवत होता.

"तू ऐकतोयस हे मला माहितेय. मी दुसरं काही मागत नाही." आवाज पूर्वीसारखा भरलेला नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत पोचला नसता. भिंतीपुरता होता. "मी तिला नेहमी बाईच म्हणत आलो. दोन्ही प्रवचनांत. आज सकाळी प्रार्थनेला बसलो तर तिचं नाव घ्यावं म्हटलं, आणि मला ते माहीतच नाही. कुणालाच माहीत नाही. तेवढं सांग. तिचं नाव काय होतं?"

नाव गवंड्याला माहीत होतं. डोंगरापलीकडच्या भाषेतलं होतं, उच्चारायला अवघड. बापानं त्याला जवळ बसवून ते शिकवलं होतं, पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं होतं, बरोबर येईपर्यंत. दगडावर कोरायला मात्र बापाचा हात झाला नव्हता.

"बेटा?" भिंतीपलीकडून आवाज आला. "ऐकू येतंय का?"

त्याला ऐकू येत होतं. स्वच्छ ऐकू येत होतं. त्यानं थापीवर माल घेतला, तो भिंतीच्या माथ्यावर पसरला, कडेनं निथळलेला पुसून काढला. मग शेवटचा दगड दोन्ही हातांनी उचलून त्यावर ठेवला, आणि तो हलत नाही ना, ते दाबून बघितलं.